दुतोंड्या मारुती ५० त्रिकोणांत : उत्क्रांतीच्या पद्धतीने चित्र घडवताना

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

संगणकाला एक फोटो द्यायचा आणि सांगायचं, हे चित्र तू फक्त ५० अर्धपारदर्शक त्रिकोणांतून काढ. त्रिकोण कुठे ठेवायचे, कोणत्या रंगाचे, हे आपण सांगायचं नाही. सुरुवातीला ते वाटेल तसे विखुरलेले असतात. मग प्रोग्राम एखाद्या त्रिकोणाचा एखादा कोपरा हलवतो, नाहीतर रंग जरासा बदलतो, आणि नवं चित्र मूळ फोटोशी ताडून बघतो. फरक कमी झाला तर बदल ठेवायचा, वाढला तर टाकून द्यायचा. हेच लाखो वेळा.

स्वीडनच्या रॉजर जोहान्सनने डिसेंबर २००८ मध्ये या पद्धतीने ५० बहुभुजांतून मोनालिसा काढली. त्याला सुमारे नऊ लाख पिढ्या लागल्या. तेव्हापासून हा प्रयोग असंख्य लोकांनी करून पाहिला आहे आणि बहुतेकांनी मोनालिसाच घेतली आहे. मी गोदाघाटाचा पुरातला फोटो घेतला.

नाशिककरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. रामकुंडाजवळ नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की शहरात पहिला प्रश्न असतो, ‘मारुतीच्या कुठपर्यंत आलं?’ गुडघा, कंबर, छाती, गळा ही आमची पुराची मोजपट्टी. माझ्या फोटोत पाणी छातीला लागलेलं आहे.

फोटो २०० × २०० पिक्सेलचा केला आहे. एका त्रिकोणाला १० आकडे लागतात: तीन कोपऱ्यांचे सहा, लाल-हिरवा-निळा हे तीन, आणि पारदर्शकतेचा एक. म्हणजे सगळं चित्र ५०० आकड्यांत मावतं. हीच त्याची जनुकांची माळ. प्रत्येक आकडा ० ते २५५ धरला तर शक्य चित्रांची संख्या लिहायला १२०५ अंक लागतील. त्या पसाऱ्यात हा साधा प्रोग्राम चाचपडत चाचपडत घाटापर्यंत पोहोचतो, याचं मला अजूनही मनापासून अप्रूप वाटतं.

पाणी छान आलं आहे. ढगाळ आकाश, डावीकडची देवळांची शिखरं, पलीकडचा पूल, सगळं ओळखू येतं. मारुती मात्र येत नाही. मूर्तीच्या जागी तपकिरीत मिसळलेला एक पुसट डाग आहे, बस. त्रिकोण ५० चे २०० करावेत का? की एकाच चित्राऐवजी चित्रांची मोठी संख्या पाळून त्यांचा संकर करावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

पंचवटीकर

विषय डोक्यावरून जातोय, पण मारुतीसाठी वाचतोय. पूर आला की आमच्या घरात टीव्हीच्या आधी त्याच्याकडे बघायला जातात.

तर्कटी

त्रिकोण वाढवून थोडंफार सुधारेल, पण दुखणं तिथे नाही. तुम्ही फरक मोजता कसा? प्रत्येक पिक्सेलच्या रंगांची वजाबाकी, तिचा वर्ग, आणि सगळ्यांची बेरीज, असंच असणार. मग जरा हिशेब मांडू.

२०० × २०० म्हणजे ४०,००० पिक्सेल. मूर्तीचा चेहरा त्यात साधारण १२ × १४ धरा, म्हणजे १६८ पिक्सेल. अर्धा टक्काही नाही. गढूळ पाण्याचा रंग १५०, ११५, ८० आणि शेंदराचा २२५, ९०, ३० असा धरू. चेहऱ्याच्या जागी नुसतंच पाणी रंगवलं तर दर पिक्सेलमागे चूक किती? ७५ चा वर्ग, २५ चा वर्ग, ५० चा वर्ग, मिळून ८,७५०. गुणिले १६८, म्हणजे १४,७०,०००.

आता पाणी आणि आकाश मिळून ३०,००० पिक्सेल घ्या. तिथे प्रत्येक रंगात फक्त ४ ने गल्लत झाली, तर पिक्सेलमागे ४८ आणि एकूण १४,४०,०००. २५५ मधला ४ चा फरक डोळ्याला जेमतेम कळतो. म्हणजे तुमच्या प्रोग्रामच्या लेखी मारुतीचा चेहरा साफ नाहीसा होणं आणि पाण्याची छटा किंचित इकडेतिकडे होणं, या दोन्ही चुका एकाच मापाच्या. त्यात पाणी सुधारायला एखादा मोठा त्रिकोण थोडा सरकला तरी भागतं, चेहऱ्यासाठी मात्र बारीक त्रिकोण नेमका त्याच जागी पडावा लागतो. मग सोपं काम आधी होणारच. प्रोग्राम अगदी बरोबर चाललाय. तुम्ही त्याला जे विचारलंत त्याचंच उत्तर तो देतोय.

निफाडकर

वर ‘उत्क्रांती’ शब्द आला म्हणून लिहितो. घरी द्राक्षबाग आहे, त्यामुळे हे वाचताना पहिल्यांदा बागच डोळ्यांपुढे आली. थॉम्पसन सीडलेसच्या बागेत कधीतरी एखाद्या वेलावर वेगळाच घड दिसतो. शेतकरी ती काडी जपतो, तिची कलमं करतो, आणि पुढच्या हंगामात गुण टिकला तर तीच वाढवतो. तासगावकडची तास-ए-गणेश आणि सोलापूरकडची लांबट मण्यांची सोनाका या जाती अशाच थॉम्पसनमधून निवडून आल्या. त्यात दोन जातींचा संकर कुठेच नाही. एक मूळ वेल, एक बदललेली काडी, आणि पारखणारी नजर. गोदाकाठ यांचा प्रोग्राम मला तंतोतंत तसा वाटला.

आणि तर्कटींचा मुद्दाही बागेत रोज दिसतो. नुसती मण्याची लांबी बघून काडी निवडली तर लांबीच मिळते. साल पातळ निघाली आणि पेटीतच मणी फुटले, तर त्यासाठी आपण निवडच केलेली नव्हती.

एक पाकळी

निफाडकर दादा, मस्त उदाहरण!

मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला जेनेटिक अल्गोरिदम (उत्क्रांतीची नक्कल करून उत्तर शोधण्याची पद्धत) शिकवताना संकर हाच गाभा म्हणून शिकवतात. लोकसंख्या, निवड, संकर, उत्परिवर्तन (म्हणजे यदृच्छेने केलेला छोटा बदल), या क्रमाने. इथे एकच आई आणि एकच पिल्लू. मग याला जेनेटिक अल्गोरिदम म्हणता येईल का?

तर्कटी

@एक पाकळी, काटेकोर बोलायचं तर नाही. ही टेकडी चढण्याची पद्धत आहे: जिथे उभे आहोत तिथून एक पाऊल टाकून बघायचं, उंची वाढली तर तिथेच उभं राहायचं. पण उत्क्रांतीच्या घराण्यात तिला जुनी आणि मानाची जागा आहे.

या विषयाचे दोन प्रवाह आहेत. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जॉन हॉलंड यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात संकराला केंद्रस्थानी ठेवलं. तुमच्या अभ्यासक्रमात आहे तो हा प्रवाह. त्याच्याही आधी, १९६० च्या दशकात, बर्लिनमध्ये इंगो रेखेनबर्ग आणि हान्स-पॉल श्वेफेल हे विद्यार्थी वाऱ्याच्या बोगद्यात एक पट्टी ठेवून प्रयोग करत होते. पट्टीचे तुकडे बिजागऱ्यांनी जोडलेले. बिजागऱ्यांचे कोन यदृच्छेने थोडे बदलायचे, वाऱ्याचा रोध मोजायचा, कमी झाला तर नवे कोन ठेवायचे. वाकडीतिकडी पट्टी हळूहळू सपाट होत गेली. एक आई, एक पिल्लू, संकर नाही. गोदाकाठ यांचा प्रोग्राम या घराण्यातला.

रेखेनबर्गचा एक नियम तर इथे थेट वापरता येईल. साधारण पाचातला एक बदल यशस्वी होत असेल तर पावलाचा आकार योग्य आहे. त्याहून जास्त यशस्वी होत असतील तर पाऊल मोठं करा, कमी होत असतील तर लहान. त्रिकोणांच्या चित्रात शेवटी शेवटी यशाचं प्रमाण फारच खाली येतं, त्यामुळे पाचाचा आकडा शब्दशः धरू नका, पण पाऊल आपोआप लहान होत गेलं पाहिजे हे नक्की. कोपरा दरवेळी कुठेही उडवत राहिलात तर बारीक काम कधीच होणार नाही.

संकराबद्दल. दोन चित्रांच्या माळा मध्ये कापून जोडल्या तर काय होतं बघा. बापाच्या माळेतला १७ वा त्रिकोण आकाशाचा, आईच्या माळेतला १७ वा घाटाच्या पायऱ्यांचा. माळेतला शेजार आणि चित्रातला शेजार यांचा काही संबंधच नाही. पिल्लात आकाश दोनदा येतं आणि पायऱ्या गायब होतात. शिवाय त्रिकोण अर्धपारदर्शक आहेत, कोण कोणाच्या वर आहे यावर रंग ठरतो, आणि तो क्रमही विस्कटतो. संकर करायचाच तर चित्रावर एक आडवीतिडवी रेघ मारा. जे त्रिकोण रेघेच्या एका बाजूला ते आईचे, दुसऱ्या बाजूचे बापाचे. मग तरी काही अर्थ उरतो.

एक पाकळी

हे वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद. वाचनखूण साठवली आहे.

ओला कागद

मी संगणकातला नाही. चित्रकलाशिक्षक होतो, आता निवृत्त. घाटावर बसून जलरंग करतो, म्हणून या धाग्यात लिहावंसं वाटलं.

तुमचा प्रोग्राम जे करतो ते मला फार ओळखीचं आहे. आम्ही मुलांना पहिली गोष्ट सांगतो, डोळे बारीक करून समोर बघा. पापण्या अर्ध्या मिटल्या की बारकावे जातात आणि मोठे आकार उरतात: आकाश एक, पाणी एक, घाटाची काळी पट्टी एक. आधी ते बसवायचे. जलरंगातही थर पारदर्शक असतात आणि क्रम चुकला की रंग मळतो. नाशिकच्या शिवाजी तुपे यांची निसर्गचित्रं निरखून पाहा. किती थोड्या आकारांत अख्खा देखावा उभा राहतो!

पण डोळे बारीक करून झाल्यावर चित्रकार ते उघडतोही. आणि उघडले की तो सगळीकडे सारखं बघत नाही. माणूस, चेहरा, देवाची मूर्ती, तिथे त्याची नजर थांबते. पाण्याला तो दोन फटकारे देतो आणि मूर्तीजवळ दहा. तुमचा प्रोग्राम सगळ्या कागदाला एकाच नजरेने बघतो. त्याला सांगता येईल का की इथे जास्त बघ?

गोदाकाठ

काका, येईल! फोटोइतकंच एक दुसरं चित्र करायचं, नुसतं काळं-पांढरं. जिथे महत्त्व जास्त तिथे पांढरं. फरक मोजताना प्रत्येक पिक्सेलची चूक त्या वजनाने गुणायची. मूर्तीच्या चौकटीला ८ आणि बाकी सगळीकडे १, असं देऊन बघतो. तर्कटींच्या हिशेबातले १४,७०,००० मग १,१७,६०,००० होतील. इतकी मोठी चूक प्रोग्रामला टाळता येणार नाही.

डोळे बारीक करण्याचंही जमेल. आधी फोटो ५० × ५० चा करून मोठे आकार बसू द्यायचे, मग १००, मग २००. कामही झपाट्याने होईल, कारण ५० × ५० ला एका तपासणीत २,५०० च पिक्सेल मोजावे लागतात.

नियमबद्ध

मला हे पटत नाही. यातली गंमतच ही आहे की माणूस हात लावत नाही, चित्र आपलं आपण घडतं. मूर्तीभोवती चौकट आखून वजन दिलंत म्हणजे उत्तर तुम्हीच सांगितलंत. त्यापेक्षा सरळ त्रिकोणही हाताने काढा की.

तर्कटी

@नियमबद्ध, हात कुठे लावला नाही असं चित्र यात असतंच कुठे? फोटो कोणता घ्यायचा ते माणसाने ठरवलं. त्रिकोण घ्यायचे, वर्तुळं नाहीत, तेही माणसानेच. चुकांचे वर्ग करून बेरीज करायची हाही कोणीतरी घेतलेला निर्णय आहे, निसर्गाचा नियम नव्हे. वर्ग न करता नुसता फरक घेतला तर चित्र वेगळं येतं. ‘सगळे पिक्सेल समान’ हे सुद्धा एक वजनच आहे, फक्त ते लिहून दाखवलेलं नसतं म्हणून दिसत नाही.

निसर्गातल्या उत्क्रांतीपुढे ठरवलेलं चित्र नसतं, इथे असतं. त्यामुळे निफाडकरांनी दिलेला बागेचा दाखलाच याला लागू पडतो, रानाचा नाही. बागेत पारख माळ्याचीच असते.

नियमबद्ध

फोटो निवडण्याचा मुद्दा मान्य. तरी चौकट हाताने आखणं मला खटकतं. चौकट न आखता काही उपाय असेल तर मला तो जास्त आवडेल.

रेषाबिंदू

@नियमबद्ध, आहे. रंग मोजण्याची रीत बदला.

वर दिलेले दोन रंग घ्या आणि त्यांचा उजेड काढा. टीव्हीच्या जुन्या सूत्राप्रमाणे लाल गुणिले ०.२९९, हिरवा गुणिले ०.५८७, निळा गुणिले ०.११४. पाण्याचा येतो १२१ आणि शेंदराचा १२४. जवळपास सारखाच! हा फोटो कृष्णधवल केला तर मारुती पाण्यात विरघळूनच जाईल. तो आपल्याला लांबून ठसठशीत दिसतो तो उजेडाच्या फरकाने नाही, रंगाच्या फरकाने. म्हणून फरक लाल-हिरव्या-निळ्यात न मोजता लॅब रंगपद्धतीत मोजा. १९७६ साली ठरलेल्या या पद्धतीत उजेड एका आकड्यात असतो, आणि लाल-हिरवं व पिवळं-निळं असे रंगाचे दोन वेगळे आकडे असतात. डोळ्याला जितका फरक जाणवतो साधारण तितकाच तिथे आकड्यांत दिसावा, अशी तिची रचना आहे. रंगाच्या दोन आकड्यांना थोडं जास्त वजन द्या. सगळ्या चित्राला एकच नियम लागेल, चौकट आखावी लागणार नाही, आणि शेंदरी रंग पाण्यातून वर येईल.

काळारामाच्या देवळाचा फोटो घेणार असाल तर मात्र याच्या उलट करा. तिथे सगळा काळा दगड, रंगाचा फरक नावालाच, आणि सगळी मजा उजेड-सावलीची.

नियमबद्ध

हे पटलं. रेषाबिंदू ताई, आभार.

सातपूरकर

वेगाबद्दल दोन गोष्टी सांगतो, त्याने खूप वेळ वाचेल.

एक त्रिकोण हलला की अख्खं चित्र पुन्हा मोजू नका. त्रिकोणाची जुनी जागा आणि नवी जागा झाकेल एवढाच आयत घ्या, तेवढ्यातच पुन्हा रंगवा आणि तेवढ्यातलाच जुना फरक वजा करून नवा मिळवा. बारीक त्रिकोणाला ४०,००० ऐवजी काहीशे पिक्सेल पुरतात.

दुसरी त्याहून महत्त्वाची: रंग शोधत बसू नका, तो गणिताने मिळतो. सगळ्यात वर टाकायच्या त्रिकोणाची जागा आणि पारदर्शकता ठरली की त्याचा सर्वोत्तम रंग एका सूत्राने निघतो. त्रिकोणाखालच्या प्रत्येक पिक्सेलसाठी हवा असलेला रंग घ्या, त्यातून खालचा जो रंग आरपार दिसणार आहे तो वजा करा, अपारदर्शकतेने भागा, आणि या सगळ्याची सरासरी काढा. ० ते २५५ च्या बाहेर गेलं तर कापा. दहातले तीन आकडे शोधायचेच उरत नाहीत. पिक्सेलना वजन दिलं असेल तर सरासरीही तशीच वजनदार घ्यायची, हे विसरू नका.

मायकेल फोगलमन यांचा २०१६ चा प्रिमिटिव्ह हा प्रोग्राम असाच चालतो. तो सगळे त्रिकोण एकदम हलवत नाही. एक चांगला त्रिकोण शोधतो, रंग गणिताने काढतो, तो कायमचा बसवतो आणि मग पुढचा घेतो. म्हणून मिनिटांत चित्र होतं. पण आधी बसवलेल्याला पुन्हा हात लावत नसल्यामुळे त्याच दर्जाला त्रिकोण जास्त लागू शकतात. दोन्ही एकत्र करा: आधी एकेक बसवा आणि मग ते ५० घेऊन गोदाकाठ यांच्या पद्धतीने घोटत राहा.

तर्कटी

+१. आणि २०२१ मध्ये यिंगताओ तियान आणि डेव्हिड हा यांनी याच जुन्या प्रश्नाला उत्क्रांती-व्यूहाची नवी पद्धत लावली. तिच्यात एक बदल करून हो-नाही ठरवत नाहीत. सगळ्या आकड्यांना एकदम थोडे थोडे धक्के देऊन बरीच चित्रं काढतात, आणि कोणत्या दिशेचे धक्के फायद्याचे ठरले याचा अंदाज घेऊन सगळी माळच तिकडे सरकवतात. मोनालिसा तिथेही आहेच, ५० त्रिकोणांतली.

गोदाकाठ

नवीन चित्र टाकलं आहे. ५० च त्रिकोण. लॅब पद्धत, सातपूरकरांचं रंगाचं सूत्र, आणि ५० पासून २०० पर्यंत चढत जाणारा फोटो. हातची चौकट नाही. त्याखाली चौकटीला ८ वजन दिलेलं चित्रही तुलनेला ठेवलं आहे.

पहिल्यात मारुती आला! मूर्तीजवळ जाऊन बघा. दोन शेंदरी त्रिकोण एकमेकांवर तिरपे चढले आहेत आणि जिथे ते एकमेकांना झाकतात तिथे रंग दाट होऊन खांदा झाला आहे. त्यावर गडद तपकिरी रंगाचा एक अरुंद काप आहे, ती चेहऱ्याखालची सावली. आणि छातीशी पाण्याची रेघ एका लांबलचक फिकट त्रिकोणाच्या कडेने आली आहे. तो त्रिकोण अख्ख्या नदीचा आहे, त्याची कड नेमकी तिथे येऊन थांबली.

दुसऱ्या चित्रात दोन्ही तोंडं वेगळी कळतात, पण पुलाच्या कमानी गेल्या. ५० त्रिकोणांत सगळं मावत नाही. काही द्यायचं तर काही सोडावं लागतं.

ओला कागद

पाण्याची रेघ सुरेख आली आहे. दुसऱ्यात कमानी गेल्या त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पुरात मारुतीकडे बघत असताना पूल कोणी बघत नाही. मला दुसरं जास्त आवडलं.

नियमबद्ध

मला पहिलं.

पंचवटीकर

मोबाइल लांब धरून बघा. पहिल्या चित्रात क्षणभर खरंच पूर आल्यासारखं वाटतं. आईला दाखवलं, तिने पाणी कुठपर्यंत आहे ते लगेच सांगितलं.

अंबडचा बोर्डवाला

माझं साइन बोर्डाचं काम आहे. हे चित्र विनाइलमधून कापून भिंतीवर लावता येईल का? त्रिकोणच आहेत, कटिंग प्लॉटर सहज कापेल. पण माझ्याकडे पारदर्शक विनाइल नाही, रोल ठरावीक रंगांचेच असतात.

गोदाकाठ

दादा, नक्की येईल, फक्त प्रोग्रामला तशी अट घालावी लागेल. पारदर्शकता काढून टाकायची, म्हणजे जो त्रिकोण वर तोच दिसणार. रंग मोकळा न ठेवता तुमच्या रोलांच्या यादीतलाच घ्यायचा. मिश्र छटा मिळणार नाहीत, त्यामुळे ५० पुरणार नाहीत, १२० पासून सुरुवात करू. एकावर एक थर चिकटवायची गरज नाही. प्रत्येक त्रिकोणाचा शेवटी जेवढा भाग दिसतो तेवढाच कापायचा, तुकडे शेजारी शेजारी बसतील.

एकच काळजी. प्रोग्रामला लांब टोकदार काप फार आवडतात आणि विनाइलमध्ये तेच आधी सुटतात. अमुक मापाखालच्या अरुंद तुकड्याला दंड लावता येईल, म्हणजे असे तुकडे निवडीतच मागे पडतील. तुमच्या मशीनवर किती अरुंद पट्टी नीट निघते ते मिलिमीटरमध्ये सांगा, आणि रोलांचे रंग कळवा. शेंदरी आहे ना?

अंबडचा बोर्डवाला

शेंदरी असा नाही, भगवा आहे, आणि एक गडद नारिंगी. तपकिरी दोन. पट्टी ५ मिलिमीटरच्या खाली नको, कोपरे उचलतात. चार फूट बाय चार फूट करू. रंगांचे तुकडे दिवसाउजेडी मोकळ्यावर ठेवून फोटो काढून टाकतो. ट्यूबलाइटखाली भगवा वेगळाच दिसतो.